निळी पेटी, लाल पेटी

मी बी.कॉम. आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली. बाबांच्या बाजूने आणि मायच्याही बाजूने कॉलेजात जाऊन पदवी घेऊन आलेली पहिली मी. बाबांनी पदवी काचेत बसवून टीव्हीच्या बरोबर वर टांगली. आमच्याकडे टीव्ही बघायला आलेला माणूस आधी माझी पदवी बघायचा आणि मग बातम्या.

हैदराबादच्या मलकपेठेतल्या आमच्या गल्लीत मराठवाड्यातून आलेली आमची थोडी घरं होती. बाकी सगळे इथलेच, कोणी तेलुगू, कोणी मुसलमान. पण पेटीवर इंग्रजी छापलेली वस्तू कोणाच्याही घरी आली, की ती आधी आमच्या दारात यायची. मिक्सर, इस्त्री, केस काळे करायची पावडर, काहीही. बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे. "हात लावू नका," ते सांगायचे, "पोरगी ऑफिसातून येऊ द्या. ती वाचंल, मग उघडा." मी यायची, चप्पल काढायची आणि चहाच्या आधी इस्त्री वाचायची.

बाबांनी उभी हयात रेल्वेच्या गोदामात पेट्या उचलल्या होत्या. पाठीवरून किती पेट्या गेल्या असतील त्याचा हिशेब नाही, आणि एकीवरही काय लिहिलंय ते त्यांना कधी वाचता आलं नाही. म्हणून मी पेटी वाचायला बसले की ते खुर्ची पुढं ओढायचे. समजायचं काही नाही, पण माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मला वाटतं, माझी पदवी त्यांच्यासाठी एवढीच होती, आणि तेवढी पुष्कळ होती.

या व्यवस्थेला एकच माणूस वाकडा जायचा. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा. सिकंदराबादला रेल्वेत नोकरी, शिक्षण मॅट्रिक, स्वभाव एक नंबर. फक्त मेहुणी शिकलेली आहे हे आठवलं, की त्यांना कुठेतरी खाज सुटायची. "काय ग्रॅज्युएट," दारातूनच ओरडायचे, "आज काय वाचलं? साबण?"

"तुम्हाला लागणारा," मी म्हणायची. असं आमचं चालायचं.

ती वर्षं जोडाजोडीची होती. मी ज्या नगरपालिकेत हिशेबाला होते, ती आसपासच्या सगळ्या नगरपालिकांसकट शहराच्या महापालिकेत घातली गेली. रोज नवा बोर्ड लागायचा आणि नवा साहेब यायचा. दुसऱ्या ऑफिसातली कपाटं आमच्याकडे आली आणि त्यांच्या चाव्या तिसऱ्याच ऑफिसात गेल्या. आम्ही कुलूप लावलेल्या कपाटांवर चहाचे कप ठेवून काम करायचो. बाहेर चहाच्या हॉटेलात वेगळं राज्य होणार की नाही यावर भांडणं चालायची. आमच्या घरात मात्र या गोष्टीचं कोणाला नवल नव्हतं. जुनं हैदराबाद संस्थान मोडून राज्यांची वाटणी झाली तेव्हा आजोबांचं गाव तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. एकाच चुलीवर जेवलेली आत्या महाराष्ट्राची झाली, बाबा आंध्राचे. माय म्हणायची, "आपण जाग्यावरच असतो, रेघच हालती."

तर अशा त्या दिवसांत गल्लीतले भाईजान एका संध्याकाळी आले. त्यांचा धाकटा भाऊ दुबईला होता आणि ईदला सुट्टीवर येणार होता. येताना तो दरवेळी गल्लीसाठी काहीबाही आणायचा.

"आपा," भाईजान मला म्हणाले, "वो नया डिस्क प्लेअर आया ना, एकदम साफ तसवीर वाला. छोटा बोल रा, लाता बोलके. पर दो किसम का है. एक का डिस्क दूसरे में नै चलता. कौनसा होना, तुम पढ़ के बोलो."

योगायोग असा, की दाजींनाही त्याच्याकडूनच एक मागवायचा होता. अक्का म्हणाली, दोघी बहिणी एकसारखाच घेऊ, म्हणजे तबकड्यांची अदलाबदल करता येईल. शहाणी सूचना होती. एकदम साधं काम. कोणता, एवढंच ठरवायचं होतं.

मी दोन-तीन संध्याकाळी काचीगुड्याच्या नेट सेंटरवर बसून अभ्यास केला. एका प्रकाराचं नाव एचडी-डीव्हीडी, त्याची पेटी लाल. दुसऱ्याचं नाव ब्लू-रे, त्याची पेटी निळी. तिकडे परदेशात मोठमोठ्या कंपन्या दोन बाजूंनी उभ्या राहून भांडत होत्या आणि गिऱ्हाईक मधे उभं होतं. मी सगळं वाचलं आणि लालच्या बाजूने निकाल दिला. माझी कारणं पक्की होती, आजही आहेत. एक तर त्याच्या नावात डीव्हीडी होतं, म्हणजे ओळखीच्या घरातलं. आणि मुख्य म्हणजे निळ्याच्या तबकड्यांना प्रदेश होते. जगाचे तुकडे पाडलेले. एका तुकड्यातली तबकडी दुसऱ्या तुकड्यातल्या यंत्राला चालत नसे. दुबई एका तुकड्यात, हिंदुस्थान दुसऱ्या. लालला ही भानगडच नव्हती. कुठलीही तबकडी आणा, कुठेही लावा.

रविवारी विहारातली वंदना झाल्यावर सगळे आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा मी हे नीट समजावून सांगितलं. "आपल्या घरात प्रदेशांची वाटणी एकदा झाली तेवढी पुरे," असंही म्हणाले. मला वाटलं, हे वाक्य चांगलं जमलं.

दाजींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "सगळं खरं. पण पेटीचा रंग काय म्हणालीस?"

"लाल."

"आणि दुसऱ्याचा?"

"निळा."

दाजींनी हात वर केले. "मग संपलं की. निळी पेटी समोर असताना आपण लाल उचलायची? विहाराच्या दारात झेंडा कोणता? जयंतीला फेटे कोणते? तुझ्या लग्नात मी सूट शिवणार तो कोणता?"

"दाजी, हे यंत्र आहे, झेंडा नाही."

"आपल्या घरात येणारी वस्तू आहे ना?"

मी त्यांना शेवटचा मुद्दा सांगितला. तबकडी वाचण्यासाठी यंत्राच्या आत एक किरण असतो, आणि दोन्ही यंत्रांत तो किरण निळाच असतो. लाल पेटीतल्यातसुद्धा. हे मी स्वतः वाचलं होतं.

"आतला कोणाला दिसतो?" दाजी म्हणाले. "येणारा-जाणारा पेटी बघणार. माणसंसुद्धा आतून सगळी लालच असतात."

सगळी पंगत हसली. माझा चुलतभाऊ दाजींच्या बाजूला गेला, त्याची बायको गेली, आणि विहाराचे सेक्रेटरी, जे फक्त मठ्ठा प्यायला थांबले होते, तेही म्हणाले, "विषय भावनेचा आहे, बाई." मी बाबांकडे बघितलं. बाबा हात धुऊन येत होते. त्यांना काही विचारायच्या आत ते म्हणाले, "आपल्या घरी पोरगी म्हणंल ते येईल. वाचलंय तिनं."

ईदला धाकटा आला. आमच्या घरी लाल आली, सिकंदराबादला निळी गेली. एकसारखं घ्यायचं ठरलेल्या दोघी बहिणींचं असं झालं.

लाल पेटीसोबत एक तबकडी फुकट होती, समुद्राखालच्या माशांची. पहिल्या संध्याकाळी निम्मी गल्ली आमच्या खोलीत बसली. बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं की पोरीनं वाचून आणलेलं यंत्र आहे, तसवीर अशी दिसंल की माशाचा खवला मोजा. मासे आले. चांगले होते. पण टीव्ही आमचा जुनाच, पोट सुटलेला. नव्या यंत्राची सगळी करामत नव्या चपट्या टीव्हीवरच दिसते, हे मी वाचलं होतं आणि सांगितलंही होतं. पण सांगितलेलं ऐकतो कोण. लोक थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिले.

"हे तर नेहमीसारखंच दिस्तंय," समोरची काकू म्हणाली.

"नीट बघा," बाबा म्हणाले. "बारकावा बघा."

मायने बारकावा बघितला. एक मोठा, चपटा, ठिपक्यांचा मासा सावकाश पडद्यावरून गेला. "याचं कालवण कसं लागंल गं?" तिने विचारलं, आणि त्या क्षणापासून खोलीत फक्त कालवणावर चर्चा झाली. पुढं कितीतरी दिवस कोणी पाहुणा आला की आम्ही मासे लावायचो. दुसरी तबकडीच मिळत नव्हती. मी कोटीचा अख्खा बाजार पालथा घातला. दुकानदार लाल प्रकाराचं नाव ऐकून मला मोबाइलचं कव्हर दाखवायचे.

दाजींचंही तेच. त्यांच्याकडे मोटारींच्या शर्यतीची एक तबकडी होती, यंत्रासोबत दुबईहूनच आलेली. अक्का महिनाभरात कंटाळली आणि एक दिवस आमचे मासे घेऊन गेली. संध्याकाळी तिचा फोन. "अगं, निळीत टाकले तर नुसती फिरतीय. मग बाहेर फेकती."

"सांगितलं होतं ना, एकीची दुसरीत चालत नाही म्हणून."

"हे म्हणतायत, लाल मासे निळ्या पाण्यात जगत नाहीत."

संक्रांत झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मी ऑफिसला निघत होते, तेवढ्यात दाजींचा फोन आला. आवाज एकदम खोल. "बातमी वाईट आहे. मन घट्ट कर."

मी घाबरून खाली बसले. "अक्का बरी आहे ना?"

"अक्काला काय धाड भरलीय. तुमची लाल गेली. पेपरात आलंय. कंपनीनं स्वतः सांगितलं, आता बनवणार नाही. सगळे निळ्याकडे आले." मग आवाज बदलला. "पुण्यानुमोदन कधी ठेवायचं?"

मला वाटलं, माणूस गेल्यावर करायचा विधी यंत्राला लावून फोनवर थट्टा झाली, संपलं. पण दाजी हाडाचे कार्यकर्ते. रविवारी ते अक्काला घेऊन आले ते पांढरा शर्ट घालून, बगलेत निळी पेटी. दारातच उभं राहून त्यांनी गल्ली गोळा केली. माझं यंत्र टेबलावर होतं. त्यावर त्यांनी शेवंतीचा हार घातला. "मंडळी," ते म्हणाले, "आपल्यातून अकाली निघून गेलेल्या एका गुणी यंत्राला आपण दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू या." आणि खरंच लोक उभे राहिले. हसू दाबत, खाली मान घालून. विहाराचे सेक्रेटरी सवयीने घड्याळ बघायला लागले. माय ओट्यापाशी पदर तोंडात धरून हलत होती.

भाईजान आवाज ऐकून धावत आले आणि दारातच थबकले. डोक्यावर रुमाल ठेवत हळू आवाजात विचारलं, "कौन गुज़र गए?"

"प्लेअर," मी म्हणाले.

"कौनसा, छोटा लाया सो?"

"हौ."

"अरे बाप रे. गॅरंटी में था ना?"

मीही हसले. खोटं कशाला सांगू, प्रसंग हसण्यासारखाच होता. पण हसता हसता बाबांकडे लक्ष गेलं. ते उभे होते, हात शिवलेले असावेत तसे बाजूला चिकटवून, आणि त्यांना गंमत कळली नव्हती. दोन मिनिटं ते टीव्हीच्या वर, पदवीकडे बघत होते.

दाजींनी निळी पेटी उघडली. "आता खरं यंत्र बघा." त्यांनी माझ्या यंत्राच्या वायरी काढून आपल्या लावल्या. मोटारी पळाल्या. काकू म्हणाली, "हेबी तसंच दिस्तंय." दाजी म्हणाले, बारकावा बघा.

मोटारी बघून लोक कंटाळले तेव्हा माय म्हणाली, "जावईबापू, ते राहू द्या. एवढी माणसं जमलीच आहेत, तर अक्काच्या लग्नाची शिडी लावा. मला माझी मावशी बघायचीय." मायची मावशी त्या लग्नानंतर वारली होती, आणि तिचं हलतं-बोलतं चित्र तेवढ्या तबकडीतच होतं. आमच्याकडे त्या तबकडीला शिडीच म्हणत. व्हीसीडी. त्या काळात लग्न, बारसं, नाटक, सगळं व्हीसीडीवरच असायचं. लग्नाची तबकडी आमच्या जुन्या यंत्रावर दरवर्षी लागायची. पण नवीन आलं म्हणून जुनं यंत्र मी आत्याच्या घरी पाठवून दिलं होतं.

दाजींनी ऐटीत तबकडी आत सारली. यंत्राने ती फिरवली, थोडा विचार केला, आणि बाहेर काढली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाचलं, "ही तबकडी ओळखता येत नाही."

"माझ्या लग्नाची आहे," दाजी यंत्राला म्हणाले. पुसून पुन्हा टाकली. पुन्हा बाहेर.

मग मी माझ्या यंत्रावरचा हार काढला, वायरी परत लावल्या आणि तबकडी आत घातली. मनात म्हणाले, आता तरी. बाबांनी खुर्ची पुढं ओढली. यंत्राने तबकडी बराच वेळ ठेवून घेतली, निळीपेक्षा नक्कीच जास्त वेळ, हे मी आजही सांगते. आणि मग तीही बाहेर आली. अक्षरं वेगळी, मजकूर तोच.

"म्हणजे दोघांनाबी माझी मावशी ओळखू येईना," माय म्हणाली.

समोरची काकू उठली. "थांबा जरा." ती घरी गेली आणि पुस्तकाएवढं, प्लॅस्टिकचं, हलकं यंत्र घेऊन आली. तिने ते रस्त्यावरच्या बंडीवरून, म्हणजे हातगाडीवरून, उचललं होतं. वायरी लावल्या, तबकडी टाकली आणि अक्का एकदम पडद्यावर आली, पांढऱ्या साडीत, दाजींच्या गळ्यात हार घालताना. दाजी इतके बारीक होते की सूट त्यांना घालून आलाय असं वाटत होतं. मागे मायची मावशी कोणाला तरी रागावत होती. माय टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"काकू," मी विचारलं, "हे कधी घेतलं? मला दाखवलं नाही."

"पेटीवर इंग्रजीच नव्हतं गं. चिनी लिहिलेलं होतं सगळं. म्हटलं, तुला कशाला त्रास."

त्यानंतर गल्लीत काय बदललं ते कोणी बोलून दाखवलं नाही, पण मला कळत होतं. पेट्या येईनात. बाजूच्या घरी मिक्सर आला तो थेट आत गेला. एकाने मोबाइल घेतला आणि रविवारी दाजी येईपर्यंत थांबला. दाजींनी पेटी न उघडताच सांगितलं, "निळा आहे ना? बिनधास्त वापरा." निळं जिंकलं होतं, त्यामुळे दाजींच्या रंगाला आता मान आला होता. त्यांनी एक अक्षर वाचलं नव्हतं आणि ते बरोबर निघाले होते. मी सगळं वाचलं होतं. अभ्यास माझा चुकला नव्हता. तिकडे परदेशात कंपन्यांनी ऐन वेळी पार्टी बदलली, त्याला मलकपेठेतली बी.कॉम. काय करणार?

बाबा तरी रोज खुर्ची टाकून बसायचे. मी यायची, चप्पल काढायची. वाचायला काही नसायचं. ते म्हणायचे, "चहा घे." चहा आधी मिळायला लागला होता, आणि तो मला गोड लागत नव्हता.

उगादीच्या दिवशी दाजी-अक्का जेवायला आले होते. हात धुऊन दाजी दारात बाबांच्या शेजारी बसले होते, तेवढ्यात समोरून काकू आली. हातात पेटी. विजेवरचा भाताचा कुकर, मुलाने पाठवलेला. पेटी निळी. नुसती निळी नाही, विहाराच्या झेंड्याला जोड म्हणून लावावी अशी निळी.

दाजी उठून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं केले. "आणा काकू. उघडायचीसुद्धा गरज नाही. एक नंबर वस्तू."

काकू त्यांच्या हातांना वळसा घालून आत आली. मी ताटं उचलत होते. तिने पेटी माझ्यासमोर ठेवली.

"काकू, निळी आहे," दाजी मागून म्हणाले, "तिला काय विचारायचं?"

"निळी आहे ते मलाबी दिस्तंय, जावईबापू," काकू म्हणाली. "डोळे आहेत मला. लिहिलंय काय, ते दिसत नाही. मागच्या बारीला न वाचता लावलं तर वायर पेटली होती माझी."

"कशाची वायर?" मी विचारलं.

"त्या चिनीची. तुमच्या घरून नेली आणि रात्री धूर. वाचलं असतं कोणी तर कळलं असतं."

"चिनीत होतं, काकू."

"मग त्यात तुझा काय दोष?"

मी हात पुसले आणि पेटी मांडीवर घेतली. दाजी दाराच्या चौकटीला टेकले. "वाचा, ग्रॅज्युएट, वाचा," म्हणाले, पण जागेवरून हलले नाहीत. त्यांनाही ऐकायचं होतं, कारण अक्काला तसाच कुकर हवा होता.

मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आधी इंग्रजी, मग मराठी, मग भाईजान आले म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा. तांदूळ आधी धुऊन घ्यावा. आतलं भांडं कोरडं करून ठेवावं. वाफ निघते तिथे हात ठेवू नये.

बाहेरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाबा उंबऱ्याच्या आत आले, खुर्ची माझ्यासमोर मांडली आणि बसले.

"हां," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाच."